काजळीवरची रेघ

ताराचंदचा हात जड आहे, हे नागपूरच्या अख्ख्या संत्रा मार्केटाला ठाऊक होतं. तालमीत कमावलेला आणि संत्र्यांच्या पेट्या उचलून टणक झालेला हात. हमालांनी तो खाल्ला होता, एका टांगेवाल्यानं खाल्ला होता, आणि घरात त्याच्या धाकट्या बहिणीनं, जयवंतानं, तर तो परकर नेसायच्या वयापासून खाल्ला होता. पण १९७४ च्या वैशाखात एका बुधवारी सकाळी त्यानं तिच्या डाव्या कानाखाली जी ठेवून दिली, ती आजवरच्या सगळ्यांहून वेगळी पडली. जयवंता भिंतीवर आदळली, सावरून उभी राहिली, आणि तिला दिसलं की माय तोंड उघडून ओरडते आहे, पण आवाज विहिरीच्या तळातून यावा तसा येतो आहे. मग कानातून काहीतरी गरम निघालं आणि मानेवर ओघळलं. पदरानं पुसलं तर रक्त होतं.

गुन्हा एवढाच, की काटोलच्या बिजवराशी रविवारी ठरलेल्या साक्षगंधाला, म्हणजे साखरपुड्याला, मी बसणार नाही, असं ती म्हणाली होती. काटोलकराच्या संत्र्याच्या बागा मोठ्या होत्या, त्याचा सगळा माल ताराचंदच्या दुकानावर येणार होता, आणि त्याबदल्यात एक बहीण देणं ताराचंदला अजिबात महाग वाटत नव्हतं. बहीण सत्तावीस वर्षांची, मुलींच्या शाळेत कवायत शिकवणारी, उन्हानं काळवंडलेली. असलं गिऱ्हाईक पुन्हा कधी मिळणार, असं तो उघड बोलायचा.

ती उन्हानं का काळवंडली, हे मात्र तो बाहेर कुठं सांगत नसे. जयवंता उडायची. कॉलेजात एनसीसीत असताना तिला सोनेगावच्या धावपट्टीच्या एका अंगाला असलेल्या ग्लायडर क्लबात नेलं होतं, आणि ती तिथून मनानं कधी परत आलीच नाही. ग्लायडर म्हणजे बिनइंजिनाचं विमान. लाकडाचा सांगाडा, वर कापड, लांबलचक पंख. जमिनीवर ट्रकचं इंजिन बसवलेला एक भलामोठा रहाट असतो, तो तारेनं ग्लायडरला ओढत वर फेकतो. तार सुटली की पुढं तुमचं तुम्ही बघा. तापलेल्या जमिनीवरून गरम हवेचे झोत वर जातात, ते हुडकायचे, त्यात गरगर फिरत उंची घ्यायची, झोत संपला की दुसरा शोधायचा. नाही सापडला तर मुकाट्यानं खाली यायचं. नागपूरच्या वैशाखाला जग शिव्या देतं, पण ग्लायडरवाल्याला त्याच्यासारखा दुसरा महिना नाही.

त्या क्लबात एकटी उडालेली पहिली बाई जयवंता. उंचीचा क्लबातला बायकांचा विक्रम तिचा, आणि तो तिनंच दोनदा मोडलेला. रामटेकच्या गडाला वळसा घालून परत आलेली पहिली बाईसुद्धा तीच. पेपरात फोटो आला त्या दिवशी ताराचंदनं तिला अंगणात लाकडाच्या फळीनं मारलं होतं, कारण मार्केटात कुणीतरी त्याला विमानवालीचा भाऊ म्हणून हाक मारली होती. माणसाला राग कशाचा येईल सांगता येत नाही.

दोन महिन्यांपूर्वी दूर सह्याद्रीतल्या एका मोठ्या ग्लायडर केंद्राचे प्रमुख क्लब बघायला आले होते. जयवंताचं उडणं पाहून ते म्हणाले, की शिकवायला माणूस हवं आहे, राहायला खोली आहे, पण बाईला तिथं आजवर कुणी घेतलेलं नाही आणि माझे लोक हसतील. त्यांची तोंडं बंद होतील असं काहीतरी आणा. या क्लबात पुरुषांचा सर्वांत जास्त वेळ हवेत राहण्याचा विक्रम सहा तासांचा आहे, तो मोडा, आणि पुराव्याला सीलबंद डबा आणा. मग खोली तुमची.

खोली. बाकीचं सगळं जयवंता विसरली, तो एक शब्द तिच्या डोक्यात राहिला. जिची कडी आतून लावता येते अशी खोली.

आता हा डबा काय, ते सांगायला हवं, कारण सगळं महाभारत त्याच्यापायी घडलं. उड्डाणाची उंची आणि वेळ नोंदवणारं ते यंत्र. आत घड्याळाच्या चावीवर हळूहळू फिरणारा एक छोटा ढोल, ढोलावर ॲल्युमिनियमचा पातळ पत्रा. तो पत्रा जळत्या कापरावर धरायचा म्हणजे त्यावर काजळी बसते, आणि एक सुई त्या काजळीवर रेघ ओढत जाते. ग्लायडर वर गेलं की रेघ वर, खाली आलं की खाली. उतरल्यावर पत्र्यावर चपड्याचं, म्हणजे पातळ लाखेचं, पाणी फवारलं की रेघ कायमची बसली. पण तोवर ती नुसती काजळी. बोट लागलं की गेलं सगळं.

क्लबाचे निरीक्षक मधुकरराव हे तारखात्यातून निवृत्त झालेले, सज्जन आणि देवभोळे गृहस्थ. डबा तयार करायचा अधिकार त्यांचा. आणि रहाट चालवणारा लहानू सोनेगावचाच. एकदा तार तुटून उलटी आली तेव्हा तिनं त्याची दोन बोटं नेली होती, तेव्हापासून तो तारेला हात जोडूनच इंजिन सुरू करायचा. कापूर पेटला की त्याची आरती घेतल्याशिवाय या माणसांना चैन पडत नसे. पत्र्यावर काजळी धरून झाली की उरलेल्या ज्योतीवर सगळे हात फिरवून डोळ्यांना लावायचे. मग मधुकरराव ढोल डब्यात बसवीत, आतली कळ दाबून घड्याळ सुरू करीत, झाकण लावून दोरा बांधीत आणि लाखेचं सील करीत. शेवटी उडणाऱ्यानं डबा कानाला लावून टिकटिक ऐकायची आणि मान हलवायची. मान हलली की मग लहानूचं इंजिन.

शुक्रवारी ताराचंदनं जयवंताच्या खोलीला बाहेरून कडी घातली आणि मार्केटात गेला. थोड्या वेळानं कडी निघाली. माय, कौशल्याबाई, दारात उभी होती. आयुष्यभर नवऱ्यापुढं आणि मग मुलापुढं खाली मान घालून जगलेली बाई. तिनं देवघरातला कापराचा पुडा लेकीच्या हातात दिला आणि फक्त एवढंच म्हणाली, "जा वं. मी पाहून घेईन." तिनं काय पाहून घेतलं ते जयवंताला संध्याकाळी मायच्या सुजलेल्या ओठावरून कळलं.

सायकल मारत ती सोनेगावला पोचली तेव्हा कानात घातलेला कापसाचा बोळा लाल झाला होता. मधुकररावांनी तो पाहिला आणि त्यांना भरून आलं. त्यांना स्वतःला तीन मुली. कापूर पेटला, काजळी धरली, सगळ्यांनी आरती घेतली, आणि मधुकरराव त्या दिवशी जरा जास्तच वेळ डोळे मिटून पुटपुटत राहिले. मग डोळे पुसत त्यांनी ढोल बसवला, झाकण लावलं, सील केलं. जयवंतानं डबा नेहमीसारखा डाव्या कानाला लावला. टिकटिक ऐकू आली. तिनं मान हलवली.

तार ताणली गेली आणि ग्लायडर लाथ बसावी तसं पुढं उडालं.

त्या दिवशी हवा माजलेल्या सांडासारखी होती. झोतात शिरताना ग्लायडर वर फेकलं जाई, बाहेर पडताना खड्ड्यात आपटल्यासारखं खाली येई. पट्ट्यांनी तिचे खांदे सोलवटले. डोकं दोनदा वरच्या काचेवर आपटलं. काचेखाली भट्टी पेटलेली, पाणी घोटभर प्यायचं कारण जास्त प्यायलं तर पुढची पंचाईत. कोराडीच्या वीजकेंद्राच्या नव्या धुराड्यांवर तिला एक झोत मिळाला, त्यानं धुराच्या वासासकट तिला इतकं वर नेलं की घामानं भिजलेलं अंग थंडीनं कापायला लागलं. ती शिव्या देत होती. मुलींना कवायत शिकवणारी बाई वर एकटी असताना काय शिव्या देते, ते मुलींना कळलं असतं तर शाळा बंद पडली असती. सगळ्या शिव्या एकाच माणसाला होत्या.

सहा तास उलटून गेल्यावर ती उतरली. लहानूनं तिला अक्षरशः ओढून बाहेर काढलं, कारण पाय लाकूड झाले होते. मधुकररावांनी डबा हातात घेतला, सील तोडलं, झाकण उघडलं.

पत्र्यावर एकच उभी रेघ होती. सुई वर गेली होती, खाली आली होती, पुन्हा वर गेली होती, सगळं एकाच जागी. ढोल फिरलाच नव्हता. आतली कळ दाबलेलीच नव्हती. मधुकरराव मटकन मातीत बसले आणि स्वतःच्या तोंडात मारून घेऊ लागले. मी म्हातारा झालो, मी तुझा घात केला, असं म्हणत राहिले.

जयवंताला आधी काही समजेना. टिकटिक तर तिनं स्वतः ऐकली होती. तिनं हात डाव्या कानावर ठेवला, कान घट्ट दाबून धरला. टिकटिक अजून चालूच होती. बाहेर डबा नव्हता, घड्याळ नव्हतं, आणि तिच्या फुटलेल्या कानात ते आपलं चालू होतं, थप्पड बसल्यापासून चालू होतं. ताराचंदनं तिचा विक्रम दोन दिवस आधीच, घरात उभं राहून, एका हातानं मोडला होता.

तेवढ्यात राजदूत मोटारसायकलचा आवाज आला. ताराचंद आणि मागं तालमीतला त्याचा जोडीदार गोविंदा. लहानू आडवा गेला तर गोविंदानं त्याच्या पोटात गुडघा घातला, तो वाकला तशी पाठीत कोपर. ताराचंदनं जयवंताला वेणीनं धरून खाली पाडली आणि बरगडीत लाथ घातली. काहीतरी काडकन वाजलं, ते तिला उजव्या कानानं स्वच्छ ऐकू आलं. दुसरी लाथ घालणार तोच त्याचं लक्ष मधुकररावांच्या मांडीवरच्या डब्याकडं गेलं.

डब्यातली काजळी म्हणजे काय, हे त्याला घरातल्या भांडणातून चांगलं ठाऊक होतं. त्यानं डबा हिसकावला, ढोल उपसून काढला आणि तिच्या तोंडासमोर धरला.

"हेच ना वं तुह्यं विमान?" तो म्हणाला, आणि अख्खा तळवा पत्र्यावरून फिरवला. एकदा, मग पुन्हा, भांडं घासावं तसा. पत्रा चकचकीत झाला आणि त्याचा हात मनगटापर्यंत काळा.

मधुकररावांनी तोंड उघडलं. त्यांना सांगायचं होतं की मूर्खा, त्यावर काही नव्हतंच. मातीत पडलेल्या जयवंतानं हात लांब करून त्यांचा घोटा पकडला आणि असा दाबला की ते गप्प झाले. मग ती रडायला लागली. धाय मोकलून, जमिनीवर हात आपटून, सगळ्या सोनेगावला ऐकू जाईल अशी. त्यातलं निम्मं खरं होतं, कारण बरगडी मोडली होती. उरलेलं निम्मं ताराचंदसाठी होतं. तो ते पाहून शांत झाला, भूक भागल्यावर माणूस होतो तसा.

"संपलं आता," तो म्हणाला. "परवा गुमान साक्षगंधाले बस."

त्यानं तिला गाडीवर घालून घरी आणलं, आणि आता कशाला म्हणून खोलीला कडी घातली नाही.

शनिवारी तो नेहमीपेक्षा लवकर मार्केटात गेला, कारण त्याला सांगायला भरपूर होतं. काजळी साबणानं पूर्ण निघाली नव्हती, आणि त्यानं ती काढायचा फार प्रयत्नही केला नव्हता. तो काळा तळवा सगळ्यांना दाखवत होता, की हे पाहा, सहा तासांचं उडणं मी असं पुसून टाकलं. लोक हसत होते. ताराचंदच्या विनोदाला न हसणं मार्केटात कुणाला परवडत नसे.

जयवंता तोवर सोनेगावला पोचली होती. मायनं तिची छाती जुन्या लुगड्यानं गच्च आवळून बांधली होती. मधुकरराव आणि लहानू दोघांनी हात जोडले. बरगडी मोडलेली, हवा कालच्यासारखीच, तारेचा पहिला हिसकाच सहन होणार नाही, पुढच्या महिन्यात बघू. तिनं विचारलं की पुढच्या महिन्यात काटोलहून मले कोण सोडणार आहे.

कापूर पेटला. लहानूचा हात सवयीनं ज्योतीकडं गेला, तो तिनं धरला. आधी कळ, मग आरती, असं म्हणाली. मधुकररावांनी कळ दाबली, ढोल फिरतो आहे हे तिघांनी वाकून पाहिलं, झाकण लागलं, सील झालं, आणि मग तिघांनी आरती घेतली. तिनं डबा उजव्या कानाला लावला. टिकटिक आली. डबा दूर नेला, त्या कानातली टिकटिक थांबली. पुन्हा जवळ आणला. तेव्हा कुठं मान हलवली.

तारेच्या हिसक्यानं तिच्या तोंडून जी किंकाळी निघाली, ती लहानूला इंजिनाच्या आवाजातही ऐकू आली म्हणतात. तार सोडताना तिच्या ओठातून रक्त येत होतं, कारण तो तिनं चावून फोडला होता. डाव्या वळणात बरगडी टोचायची म्हणून ती दिवसभर उजवीकडंच फिरत राहिली. शहराबाहेर मेलेली जनावरं टाकायच्या जागेवर गिधाडं उठली होती, आणि गिधाडं जिथं फिरतात तिथं झोत हमखास असतो, म्हणून ती त्यांच्यात शिरली. त्यातलं एक चुकलं. धप्प आवाज झाला, काचेला तडा गेला, आणि पिसं आणि रक्त काचेवरून मागं पसरत गेलं. फटीतून गरम हवा तिच्या तोंडावर सुरीसारखी येऊ लागली. पंख शाबूत होते. तिनं रक्ताळलेल्या काचेतून जेवढं दिसत होतं तेवढ्यावर काम चालवलं.

दुपारी ती शहरावर आली. सीताबर्डीच्या टेकडीपलीकडं, रेल्वे स्टेशनाजवळ, मार्केटाची तापलेली पत्र्याची छपरं होती आणि त्यांच्यावर एक झकास झोत उभा होता. मुद्दाम गेली का? पुढं कुणी विचारलं की ती म्हणायची, झोत होता म्हणून गेली. खरं सांगायचं तर झोत दुसरीकडंही होते.

खाली एका हमालानं वर बोट दाखवलं. मग दुसऱ्यानं. पांढरं ग्लायडर मार्केटाच्या बरोबर डोक्यावर, आवाज न करता गोल गोल फिरत होतं. कुणीतरी ताराचंदला म्हणालं, की काय गा, तुम्ही तर पुसलं होतं ना? आणि या खेपेला लोक खरोखर हसले. ताराचंदनं आधी हसणाऱ्याला मारलं. मग एक संत्रं उचलून आभाळाकडं भिरकावलं. ते एका छपरावर फुटलं तेव्हा सगळं मार्केट हसलं. त्यानं पेट्या उघडायची लोखंडी पहार उचलली आणि राजदूतला लाथ मारली.

जयवंता सोनेगावावर परत आली तेव्हा सहा तास केव्हाच पार झाले होते. विक्रम झाला होता. उतरायला हरकत नव्हती. तिनं खाली पाहिलं तर वाळल्या गवतावर एक राजदूत आडवी पडली होती, रहाटाजवळ लहानू पालथा होता आणि मधुकरराव त्याच्यावर वाकले होते. उतरायच्या पट्टीच्या मधोमध एक माणूस पाय फाकवून उभा होता. इतक्या वरूनही तो कोण आहे ते ओळखायला तिला वेळ लागला नाही.

दुसरीकडं उतरावं तर ते चालणार नव्हतं. क्लबाचा नियम होता, की निघालात तिथंच उतरायचं आणि सीलबंद डबा निरीक्षकाच्या हातात द्यायचा. बुटीबोरीकडच्या एखाद्या वावरात उतरली तर जीव वाचला असता आणि खोली गेली असती. ती घाबरली होती, हे लपवण्यात अर्थ नाही. तो माणूस वीस वर्षं तिला मारत आला होता आणि तिचं शरीर त्याला नुसतं पाहूनच आवळून जायचं. म्हणून ती उतरली नाही. वरच राहिली.

हवा मंदावत चालली होती. झोत विझत होते. ती धावपट्टीच्या डांबरावरचा शेवटचा ऊबदार तुकडा हुडकायची, त्यावर चार फेऱ्या मारायची, थोडी वर जायची, पुन्हा खाली यायची. तो खाली उभाच. ती वर फिरतेच आहे. विक्रमाच्या वरचा जो सगळा वेळ पुढं तिच्या नावावर लागला, तो ताराचंदनं तिला दिला. दुसरं काही त्यानं तिला आयुष्यात दिलं नाही.

सूर्य अंबाझरीच्या दिशेला उतरला आणि शेवटचा झोत मेला. आता खाली येण्यावाचून इलाज नव्हता. तिनं लांबून वळण घेतलं आणि पट्टीच्या रेषेत आली. तो सरकला नाही. पहार उजव्या हातात घेऊन डोक्यावर धरून उभा राहिला. त्याची खात्री होती की ती वळेल, बाजूला होईल, जशी ती घरात नेहमी कोपऱ्यात सरकायची.

वळायला जागा होती. तिला ती दिसत होती. तिनं वळवलं नाही.

ग्लायडर आवाज करत नाही. शेवटच्या क्षणी त्याचे डोळे मोठे झालेले तिला दिसले, मग तो बाजूला झेपावला, पण वर उगारलेला हात मागं राहिला. पंखाची कड त्या हाताला लागली. वाळलेली फांदी मोडावी तसा आवाज झाला, पहार गिरकी घेत लांब जाऊन पडली, आणि ग्लायडर एका पंखावर गर्रकन फिरून मातीच्या लोटात थांबलं.

जयवंतानं पट्टे सोडले. काच उचलली. बाहेर पडताना ती दोनदा खाली बसली. डबा तिनं छातीशी धरला होता, सील जसंच्या तसं. मधुकरराव धावत येत होते. त्यांच्या कपाळावर खोक पडली होती. मागून लहानू लंगडत येत होता, जिवंत होता.

ताराचंद मातीत बसला होता. उजवा हात कोपराखाली भलत्याच ठिकाणी वाकला होता आणि तळव्यावर कालची काजळी तशीच होती. तो ओरडत नव्हता. तोंड उघडं होतं आणि घाम गळत होता. आयुष्यात पहिल्यांदा तो खाली होता आणि ती वर.

ती त्याच्यासमोर वाकली. तो मागं सरकला. तो मागं सरकला, हे तिनं पाहिलं, आणि पुढं मरेपर्यंत ती ते विसरणार नव्हती. तिनं डबा त्याच्या कानाला लावला.

"ऐक, भाऊ," ती म्हणाली.

आत घड्याळ चालू होतं.

"काल तू जे पुसलं ना, त्यात काहीच नव्हतं. कालचा डबा बंद होता. तुह्या थपडीनं माह्या कानात टिकटिक होऊन राहिली होती, मले वाटलं घड्याळच होय."

त्यानं आधी डब्याकडं पाहिलं, मग आपल्या काळ्या तळव्याकडं. जो हात त्यानं सकाळी मार्केटात मिरवला, तो हात. मग तो रडायला लागला. हाडासाठी रडला की काजळीसाठी, हे त्याचं त्याला माहीत.

तिनं डबा मधुकररावांच्या हातात दिला. त्यांनी सील तोडलं. पत्र्यावर एका टोकापासून दुसऱ्या टोकाजवळपर्यंत रेघ होती, डोंगररांगेसारखी चढउतार करत गेलेली. शेवटचा भाग खाली खाली येत, थरथरत, तरी संपता न संपणारा. मधुकररावांनी लगेच चपड्याचं पाणी फवारलं, कुणाचं बोट लागू नये म्हणून लहानूलाही लांब उभं करून.

जयवंता घरी गेली नाही. शाळेतल्या एका मास्तरणीकडं दोन दिवस पडून राहिली आणि बरगडी बांधलेलीच घेऊन सोमवारी गाडीत बसली. रविवारी काटोलची मंडळी आली, तेव्हा कौशल्याबाईंनी सुजलेल्या ओठानं त्यांना सांगितलं की मुलगी उडून गेली. ताराचंद पोलिसांत गेला नाही. हातावर पेटी पडली, असं तो मार्केटात सांगत राहिला, आणि समोर कुणी हसलं नाही. हाड वाकडंच जुळलं. मूठ पुन्हा कधी नीट वळली नाही, त्यामुळं मार्केटातल्या हमालांची आणि घरातल्या बाईमाणसांची पुढची वर्षं जरा बरी गेली.

त्या केंद्रात जयवंताबाईंनी पुढं बरीच वर्षं शिकवलं. त्यांचा तो विक्रम त्यांच्याच एका विद्यार्थिनीनं ऐंशीनंतर कधीतरी मोडला, आणि त्या दिवशी बाईंनी सगळ्यांना जेवायला घातलं. त्यांच्या हाताखाली शिकलेल्या प्रत्येकाला दोन गोष्टी पाठ होत्या. आधी कळ, मग आरती. आणि सीलबंद डबा दोन्ही कानांनी ऐकायचा. दोन्ही कशाला, असं एखादी नवी पोरगी विचारायचीच. बाई कपाळावरचे पिकले केस डाव्या कानामागं सारायच्या आणि म्हणायच्या, की एकावर भरवसा ठेवायचा नाही. मग त्या स्वतः डबा घेऊन उजव्या कानाला लावायच्या.

खोलीची कडी त्या रोज आतून लावत. कुणी येणार नाही हे माहीत असूनही, शेवटपर्यंत.